जुन्या दाणेदार छतावर नवा हात टिकत नाही: पुट्टी लावण्याआधी काय तपासायचं

परवा डोंबिवलीत एका घरी गेलो होतो. दोन वर्षांत तिसऱ्यांदा हॉलच्या छताला पुट्टी लावून घेतलेली, आणि तिसऱ्यांदाही पंख्याभोवतीचा भाग पापडासारखा वळून लोंबत होता. घरातल्या काकूंनी खाली पडलेले पापुद्रे एका डब्यात जपून ठेवले होते, मला दाखवायला. त्यातला एक उचलून उलटा केला. मागची बाजू पांढरी, भुरभुरीत. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. काकूंनी विचारलं, "पुट्टीच खराब होती का हो?" पुट्टी चांगली होती. ती घट्ट चिकटलीही होती. पण ज्याला चिकटली तो जुना थरच छताला धरून नव्हता.

ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात मी तेवीस वर्षं प्लास्टर आणि रंगाच्या दुरुस्तीची कामं करतोय. पावसाळा सरला की हमखास येणारी तक्रार हीच: जुनं खडबडीत छत गुळगुळीत करून घेतलं आणि ते सोलून निघालं. १९८० ते २००० च्या दरम्यानच्या इमारतींत छताला थरावर थर साचलेले असतात. स्लॅबला खालून सिमेंटचा गिलावा, त्यावर नीरूचा (मऊ, गाळलेल्या चुन्याचा) हात, त्यावर कितीतरी दिवाळ्यांचा चुना, मग डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा स्वस्त रंग), आणि कधीतरी हौसेने रोलरने काढून घेतलेलं दाणेदार टेक्स्चर. खालून बघणाऱ्याला फक्त शेवटचा थर दिसतो. नवी पुट्टी किंवा जिप्सम लावलं की त्याचं ओझं या सगळ्यांत जो सर्वांत कच्चा, त्याच्यावर येतं. भिंतीवर कच्चा थर चार वर्षं निभावून जातो. छतावर वजन रात्रंदिवस सरळ खाली ओढत असतं, तिथे तो निभावत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

सगळी छतं एकाच कारणाने सोलत नाहीत. काय दिसतंय आणि कधी दिसतंय, यावर अर्धं निदान होतं.

पुट्टीचा हात ओला असतानाच, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, रुपयाएवढे फुगे उठले तर खाली जुनं डिस्टेंपर आहे. त्यातला डिंक पुट्टीच्या पाण्याने भिजतो, सैल होतो आणि थर उचलला जातो. कामगार तो फुगा पट्टीने दाबून बसवतात. तो बसत नाही, फक्त दिसेनासा होतो.

दोन-तीन महिन्यांनी किंवा पहिल्या पावसानंतर पापुद्रे वळले आणि त्यांच्या पाठीला पीठ असलं, तर चुना किंवा जुनाट डिस्टेंपर. पापुद्र्याची पाठ स्वच्छ, चकचकीत असेल तर खाली ऑइल पेंट किंवा ॲक्रिलिक टेक्स्चर आहे आणि पुट्टीला पकड मिळालेली नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या, पण छत वाजवल्यावर भरीव आवाज येतोय? मग थर जाड दिला गेलाय किंवा पंखा लावून घाईत वाळवलाय. हे त्यातल्या त्यात हलकं दुखणं.

संध्याकाळी ट्यूबलाइटच्या तिरक्या उजेडात जुने दाणे वर उमटून दिसत असतील तर भरणी अपुरी झाली आहे. दिसायला वाईट, पण धोका नाही.

तपकिरी-पिवळ्या कडेचा डाग, किंवा पांढरा कापसासारखा क्षार फुललेला: पाणी. इथे पुट्टीचा विषयच नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसलो. छतावर सरळ रेषेत भेगा, एकमेकींना समांतर, साधारण वीतभर अंतराने, आणि कडेला विटकरी रंगाची झाक. ती स्लॅबमधली सळई आहे, गंजून वर यायला लागलेली. असं दिसलं तर पुढच्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

फुकटच्या तपासण्या

काहीही ओलं करण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा. छतातून वायरिंगचे पाइप गेलेले असतात.

सर्वांत पहिलं हत्यार म्हणजे पेन्सिल. डाग असेल तर त्याच्या कडेने रेघ काढा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने परत बघा. डाग रेघेबाहेर गेला तर पाणी अजून येतंय, आणि पाणी येत असताना छतावर कसलाही थर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. रेघेच्या आतच राहिला आणि फिका होत गेला तर ती जुनी गोष्ट आहे. साधी पेन्सिल आणि आठ दिवसांचा धीर, एवढ्यावर लोकांचे पंधरा-वीस हजार वाचलेले मी पाहिले आहेत.

डाग कधी वाढतो तेही लिहून ठेवा. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बारा महिने असेल तर वरच्या घराचं न्हाणीघर, मोरी किंवा पाइप. वरचे लोक मे महिन्यात गावाला गेले आणि तेवढ्या दिवसांत डाग सुकला, तर वापराचं पाणी झिरपतंय: टाइल्सचे सांधे, नहाणी ट्रॅपची (न्हाणीघराच्या जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीची) कड. ते नसतानाही डाग ओलाच राहिला, तर भिंतीतला किंवा जमिनीतला पाण्याचा पाइप, ज्यात टाकीचा दाब कायम असतो. ही माहिती प्लंबरच्या दोन दिवसांच्या फोडाफोडीइतकी मोलाची आहे.

पंख्याजवळच्या डागाने फसू नका. स्लॅबमधून जाणाऱ्या वायरिंगच्या पाइपात पाणी शिरतं आणि ते वाहत येऊन पंख्याच्या डब्यातून बाहेर पडतं. गळती दहा फुटांवर, डाग पंख्यापाशी. डोंबिवलीच्या त्या घरात तिन्ही वेळा डागाच्या वरची टाइल बदलली होती. पाणी बाथरूमच्या कोपऱ्यातून येत होतं.

दुसरं, तळहात. कोरडा तळहात छतावर जोर देऊन फिरवा. पांढरा झाला तर वरचा थर भुरभुरीत आहे. मग ओल्या फडक्याने त्याच जागी दहा वेळा घासा. फडक्यावर दुधासारखं पाणी उतरलं तर डिस्टेंपर किंवा चुना, आणि तो पूर्ण काढल्याशिवाय गत्यंतर नाही. "प्रायमर मारतो, बसून जाईल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. प्रायमर वरची धूळ बांधतो, चार थर खोल उतरत नाही.

तिसरी तपासणी मला सर्वांत प्रिय आहे: छत वाजवणं. बाजारात मडकं घेताना वाजवून घेतो ना, तसंच. हातोडीचा लाकडी दांडा घ्या, शिडीवर चढा आणि वीत-वीतभर अंतराने हलके ठोके मारत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जा. पंखा बंद, टीव्ही बंद, घरात शांतता हवी. भरीव जागी आवाज आखूड आणि कडक येतो, दांडा हातात उसळतो. पोकळ जागी आवाज बद्द होतो, आणि बोटांच्या टोकांना किंचित थरथर जाणवते. पहिल्यांदा फरक कळला नाही तर खिडकीजवळच्या बीमवर ठोकून कान जुळवून घ्या, बीम बहुतेक भरीव असतो. जिथे आवाज बदलतो तिथे रंगीत खडूने खूण करत जा. अर्ध्या तासात छताचा नकाशा तयार होतो.

हा नकाशा फार महत्त्वाचा, कारण पोकळ भागावर काहीही लावलं तरी तो पडणारच आहे, आता जास्त वजन घेऊन पडणार. हिशेब सोपा आहे. सिमेंटचा एक सेंटिमीटर जाडीचा गिलावा चौरस मीटरला साधारण वीस किलो भरतो. दहा बाय दहाच्या खोलीचं छत नऊ चौरस मीटरच्या वर जातं. तिथे कुणी सपाटी आणायला दोन सेंटिमीटर माल चढवला, तर साडेतीनशे किलोंहून जास्त वजन आपल्या डोक्यावर टांगलं गेलं. म्हणून छताचा गिलावा पातळ असावा. सरकारी कामांतही तो सहा मिलिमीटरचा धरतात.

खूण केलेला भाग तळहाताएवढा असेल तर तेवढाच काढून भरता येतो. एखाद्या खोलीचा पाव भाग बद्द वाजला तर पूर्ण गिलावा उतरवण्याची तयारी ठेवा. इथे घासाघीस करून अर्धं ठेवलेलं छत मी दोन वर्षांत पुन्हा उतरवलेलं आहे.

थोडा खर्च, थोडा वेळ

पाण्याचा शिडकावा. फवाऱ्याने छताच्या वेगवेगळ्या जागी पाणी मारा आणि मिनिटभर बघा. थेंब मण्यांसारखे लटकून राहिले तर पृष्ठभाग बंद आहे, ऑइल पेंट किंवा ॲक्रिलिक. सिमेंटच्या पुट्टीला छिद्रं लागतात, ती इथे धरणार नाही. पाणी क्षणात आत ओढलं गेलं तर उलटा प्रश्न: असा तहानलेला थर पुट्टीतलं पाणी शोषून घेतो, पुट्टीतल्या सिमेंटला पक्कं व्हायला पाणीच उरत नाही, आणि महिन्याने पुट्टी नखाने निघते. पाणी हळूहळू जिरलं तर पृष्ठभाग ठीक.

चिकटपट्टीची परीक्षा. धारदार ब्लेडने टेक्स्चरवर चार-पाच आडव्या-उभ्या चिरा द्या, खालच्या थरापर्यंत. त्यावर रुंद पॅकिंग टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला फक्त थोडी धूळ आली तर टेक्स्चर पक्कं आहे, त्यावर काम करता येईल. दाण्यांसकट तुकडे आले तर सगळं उतरवायचं. ही परीक्षा एकाच जागी करू नका. स्वयंपाकघराच्या बाजूचं, खिडकीजवळचं आणि मधलं, तिन्ही ठिकाणी करा. तेल-वाफेमुळे एकाच छताचे तीन स्वभाव होतात.

प्लॅस्टिकचा चौकोन. बाथरूम, स्वयंपाकघर किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर काळी बुरशी येत असेल तर गळती आहे की घरातलीच वाफ, हा घोळ असतो. फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने बंद करून छताला चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. खोलीच्या बाजूने दव धरलं तर वाफ आहे. एक्झॉस्ट पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून, छताच्या बाजूने पाणी साचलं तर स्लॅब ओला आहे.

ओला निघाला तर वरच्या घरी जाऊन पाणी भरून बघायची वेळ येते. शेजाऱ्यांशी गोड बोलून, आधी सांगून करा. नहाणी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने बंद करायचं, न्हाणीघरात इंचभर पाणी भरायचं आणि चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस, तसंच ठेवायचं. खाली पेन्सिलच्या रेघेवर लक्ष. डाग वाढला तर जमिनीतून झिरपतंय. वाढला नाही तर बोळा काढून पाणी सोडा आणि पुन्हा बघा. आता ओल वाढली तर दोष ट्रॅपमध्ये किंवा खालच्या निचऱ्याच्या पाइपात. वरच्यांना "तुमच्यामुळे" असं म्हणण्याआधी ही परीक्षा करा. माझ्यासमोर दोन शेजाऱ्यांचं बोलणं याच एका कारणावरून वर्षभर बंद होतं, आणि गळती निघाली बाहेरच्या भिंतीवरच्या सामाईक पाइपाची.

खर्च कुणी करायचा हा प्रश्न लगेच येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून येणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचं व गिलाव्याचं झालेलं नुकसान सोसायटीने दुरुस्त करायचं असतं. घरातल्या संडास-मोरीची अंतर्गत गळती सभासदाच्या खर्चाची.

गळती थांबल्यावर लगेच पुट्टीला हात घालू नका. स्लॅब सावकाश सुकतो. निदान महिनाभर थांबा, प्लॅस्टिकचा चौकोन पुन्हा लावा, आत कोरडं निघालं तरच पुढे. जून ते सप्टेंबर आमच्या कोकणपट्टीत छताची कामं मी घेतच नाही. लोक गणपतीच्या आत करून मागतात, मी दिवाळीनंतर या म्हणतो. कामं जातात माझी, तरी सांगतो.

एक वीतभर जागा उघडून बघा

एवढं करूनही शंका राहिली तर नको तिथे, म्हणजे कपाटाच्या वर किंवा दाराच्या कोपऱ्यात, वीतभर चौकोन छिन्नीने सावकाश उघडा. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. उघडलेल्या कडेला झाडाच्या खोडासारख्या थरांच्या रेघा दिसतात: नीरूची पिवळसर पांढरी, चुन्याच्या बारीक पट्ट्या, डिस्टेंपरची फिकट हिरवी किंवा निळी, वर टेक्स्चर. कोणता थर कुठे सुटतो ते नखाने कळतं. स्लॅबपर्यंत पोचलात तर तोही बघा. लोखंडी किंवा प्लायच्या फळ्यांवर ओतलेला स्लॅब खालून काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यावर शटरिंगचं तेलही राहिलेलं असतं. त्या काळी टाचे (पकडीसाठी छिन्नीने पाडलेल्या खाचा) न मारता थेट गिलावा थापला असेल तर तो कधीच नीट धरलेला नव्हता, तीस वर्षं केवळ नशिबाने टिकला.

धुळीबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. ओलं करून खरवडा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. पोटमाळ्याला किंवा मोरीच्या वर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते घासणं, भोकं पाडणं पूर्ण टाळा, त्यात ॲस्बेस्टॉस असतो, ज्याचे बारीक तंतू फुप्फुसाला घातक असतात. इंग्लंडमध्ये राहणारे आपले लोकही मला फोटो पाठवून विचारतात, कारण तिथल्या जुन्या घरांत आर्टेक्स नावाच्या लेपाचं नक्षीदार छत सर्रास असतं, आणि त्या जुन्या लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्यांच्यासाठी उत्तर वेगळं आहे. तिथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे २००० च्या आधीच्या घरातलं तसं छत प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय खरवडू नका, घासूही नका. वीतभर चौकोन उघडण्याचा माझा सल्ला त्यांना लागू नाही.

आता थर चढवायचा कसा

थर भुरभुरीत निघाला असेल तर तो ओला करून, पंधरा-वीस मिनिटं भिजू देऊन, पट्टीने खरवडत नीरूपर्यंत किंवा गिलाव्यापर्यंत उतरवायचा. पाण्याने पुसायचं. तळहात पुन्हा फिरवायचा. तो स्वच्छ राहीपर्यंत पुसणं थांबवायचं नाही. यात दोन दिवस जातात आणि कामगार कंटाळतात. घरमालकाने शेजारी उभं राहावं असं हे एकच काम आहे.

टेक्स्चर पक्कं निघालं तर ते पूर्ण काढायची गरज नाही. पट्टीने दाण्यांची टोकं उडवायची, खरखरीत पॉलिश पेपर फिरवायचा, धूळ पुसायची. मग बंद पृष्ठभागासाठी मिळणारा दाणेदार बॉण्डिंग प्रायमर एक हात. तो सुकल्यावर बोटाला बारीक वाळूसारखा लागतो. ती खरखर हीच नव्या थराची पकड. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हातांत मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. खड्डे त्याहून खोल असतील तर जिप्समचा पातळ हात आधी घ्यावा लागतो. पण जिप्सम आणि पीओपी बाथरूमखालच्या छताला किंवा गळकी गच्ची वर असलेल्या छताला लावू नका. पाण्याने ते मऊ पडतं, आणि ओल्या सिमेंटशी त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन फुगवटा येतो.

गिलावा उतरवून नव्याने करायचा असेल तर स्लॅबला छिन्नीने दाट टाचे मारा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा, बॉण्डिंगचा हात द्या आणि तो चिकट असतानाच एकास तीन किंवा एकास चारचा माल (एक भाग सिमेंट, तीन-चार भाग रेती), सहा मिलिमीटर. जुन्या-नव्याच्या सांध्यावर फायबरची जाळी. सात दिवस सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने पाणी. हे पाणी फक्त सिमेंटच्या गिलाव्याला. जिप्समला पाणी मारलेलं मी अनेकदा पाहिलंय, चांगल्या हेतूने मारलेलं, आणि चांगलं झालेलं काम त्याने वाया गेलेलं.

पूर्ण छताला हात घालण्याआधी फूटभर चौकोन करून बघा. आठ-दहा दिवसांनी त्यावर चिकटपट्टीची परीक्षा घ्या. ठेकेदार घाई करेल. त्याला सांगा, चौकोन टिकला तर उरलेलं काम तुमचंच.

"वर जिप्सम बोर्डचं फॉल्स सीलिंग करून टाकू का?" हेही विचारतात. कोरड्या आणि भरीव छताखाली खुशाल करा, फक्त बाथरूमच्या बाजूला उघडता येईल असं एक झाकण ठेवा. ओल्या किंवा गंजलेल्या स्लॅबखाली करू नका. सुटलेला गिलावा बोर्डवर साचत जातो आणि तुम्हाला काही दिसत नाही.

इथे थांबा

बारा वर्षांपूर्वी एका घरात मी छताच्या सरळ भेगा छिन्नीने रुंद केल्या, आत लालसर सळई दिसली, ब्रशने घासली, माल भरला, पुट्टी केली. मालकांना मुलीच्या साखरपुड्याच्या आत काम हवं होतं आणि मी हो म्हणालो. चौदा महिन्यांनी तिथलाच दोन फुटांचा तुकडा मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला. मुलगा शाळेत होता. मी जाऊन टेबल बघितलं, त्याची फळी मधोमध चिरली होती. त्या दिवसापासून सळई दिसली की मी हत्यार खाली ठेवतो.

कारण समजून घ्या. काँक्रीट ताजं असताना तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्या संरक्षणात सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो आणि हा गुण संपतो. स्लॅबमध्ये सळईखाली काँक्रीट असतंच किती, जेमतेम पंधरा-वीस मिलिमीटर. खाडीकाठच्या आपल्या जुन्या इमारतींत भर पडते ती न धुतलेल्या खाडीच्या रेतीतल्या आणि खाऱ्या हवेतल्या क्षारांची. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. तो आतून काँक्रीट ढकलतो. वरून कितीही भारी माल भरा, ढकलणं थांबत नाही.

तेव्हा पुढचं काही दिसलं तर प्लास्टरवाल्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सळई उघडी पडलेली किंवा विटकरी डागांच्या समांतर भेगा. बीमला किंवा कॉलमला भेग. छताला मधे झोळ आलेला, दोरी धरून बघितलं तर कळणारा. गिलाव्यासोबत काँक्रीटचे खडेही पडत असलेले. पंख्याचा हूक गंजून बारीक झालेला. तो पंखा आजच उतरवा. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मऊ लागणं. इंजिनिअर येईपर्यंत त्या भागाखाली झोपू नका, पाळणा किंवा अभ्यासाचं टेबल तिथे ठेवू नका. झोळ असेल तर टेकू कुठे आणि किती द्यायचे हे त्यांनाच ठरवू द्या. चुकीच्या जागी दिलेला टेकू स्लॅबला उलटा त्रास देतो.

ते आल्यावर काय करतील हे माहीत असलं तर तुम्हाला नीट विचारता येईल. रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा कठीणपणा अजमावतील. एखादी कड फोडून ताज्या भागावर फिनॉल्फथॅलिन नावाचं रंग बदलणारं रसायन फवारतील. गुलाबी झालं तर तिथवर काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शिल्लक आहे, रंगहीन राहिलं तर गेलेला. सळईची जाडी किती उरली ते मोजतील. त्यावर ठरतं की गंज साफ करून पॉलिमर मॉर्टर पुरेल, नव्या सळया जोडाव्या लागतील, की त्याहून मोठं काम आहे. लेखी अहवाल मागा, त्यात तुमच्या खोलीचे फोटो आणि मोजमाप असू द्या.

तुमच्या एका घरात असं निघालं तर वर-खालीही असण्याची शक्यता मोठी, म्हणून सोसायटीला लेखी कळवा. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. शेवटचं कधी झालं ते त्याच पत्रात विचारा, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.